दुप्पट कोन

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलांना शांतता म्हणजे काय ते फार उशिरा कळतं. आमच्या दोन खोल्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे थोडं मोकळं रान होतं आणि त्यापलीकडे लोकोशेड. तिथं रात्रंदिवस इंजिनं वाफ सोडत उभी असायची. डबे एकमेकांना जोडताना धडधडधड अशी एक लाट यार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायची आणि तिच्यामागोमाग आमच्या फळीवरची पितळी भांडी किणकिणायची. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची बारीक कणी बसायची. आई कपडे झटकून घडी घालायची, बोटाला लागलेली कणी चोळून बघायची आणि म्हणायची, "आज मालगाड्या लई झाल्यात." शिट्टी ऐकून ती गाडी कुठली ते सांगायची आणि सहसा चुकायची नाही. पाव्हणे मुक्कामाला आले की त्यांना आमच्या घरी झोप लागत नसे. आम्हांला मात्र पाव्हण्यांच्या गावी गेलं की झोप लागत नसे.

आबा शेडमध्ये फिटर होते. घरी आले की मोरीच्या कडेला उकिडवे बसून आधी रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुवायचे, तरी त्यांनी मोडून दिलेल्या भाकरीला तेलाचा बारीक वास यायचाच. मला तो वास आवडायचा. जेवण साधं असायचं. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, आणि बाजार झालेला असला तर सुकट. आई सुकट आधी तव्यावर कोरडी भाजायची, मग कांदा आणि मिरचीत परतायची, आणि तो वास क्वार्टरांच्या सगळ्या लायनीत जायचा. माझा भाऊ मधुकर, म्हणजे आमचा दादा, शेवटी भाकरीचा तुकडा तव्यावर फिरवून तवा पुसून घ्यायचा. "तवा घासायची मेहनत वाचली तुझी," असं आईला सांगायचा. आई खोटंखोटं रागवायची, आणि दुसऱ्या खेपेला तव्यावर जाणूनबुजून थोडं जास्त चिकटवून ठेवायची.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. लहानपणी त्याला सांधे सुजून मोठा ताप आला होता. ताप गेला, सांधेही बरे झाले, पण जाता जाता तो ताप दादाच्या काळजाला हात लावून गेला. डॉक्टरांनी आबांना समजावून सांगितलं की ह्याच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नाही. दुसऱ्या कुणाला ते समजायला वेळ लागला असता. आबांना लगेच समजलं, कारण त्यांचा सगळा जन्म इंजिनाच्या झडपा बसवण्यात गेला होता. ते घरी आले ते नुसते बसून राहिले. "मला बसवता येत न्हाई अशी ही येकच झडप," असं पुढं कधीतरी ते आईला म्हणाले, तेव्हा मी दारात तांदूळ निवडत होते. दादाला दर महिन्याला इंजेक्शन असायचं. त्याला पळायला बंदी, वजन उचलायला बंदी, जिना चढायचा तर मध्ये थांबत. त्यामुळं असेल, तो सगळंच सावकाश करायचा. चालायचा सावकाश, जेवायचा सावकाश, आणि कुठलीही गोष्ट पुरती समजेपर्यंत तिथून हलायचा नाही.

आजारपणात शाळेची दोन वर्षं बुडाल्यामुळं तो अजून पुण्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होता. मी अकरावी पास झाले, तेव्हा मला सिव्हिलला घालायचं त्यानंच काढलं. आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं इंजिनेर होऊन करायचं काय?" दादा तवा पुसत म्हणाला, "पूल बांधंल." आई म्हणाली, "पुलाखाली सैपाक करंल व्हय मग?" आबा हसले. आबा हसले म्हणजे काम झालं, हे आम्हां दोघांना माहीत होतं. आमच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पहिल्या दिवशी दादा मला वर्गाच्या दारापर्यंत सोडायला आला, दम खात भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या बाकावर बस. मागं बसलीस तर पोरं बघतील, पुढं बसलीस तर फळा दिसंल."

रोज सकाळच्या शटलनं आम्ही पुण्याला जायचो. केडगाव, यवत, उरुळी, लोणी अशी प्रत्येक ठिकाणी थांबत जाणारी ती गाडी आमची अभ्यासाची खोली होती. मला समजत नसलेलं दादा समजावून सांगायचा, आणि त्याला स्वतःला समजत नसलेलं मला दहादा बोलून दाखवायचा. त्याला समजत नव्हती ती एकच गोष्ट. तिच्यापायी त्याचा एक विषय मागं राहिला होता. बाकीचे सगळे विषय सुटले, तो तिसऱ्या वर्षाला गेला, पण दुसऱ्या वर्षाचा 'स्ट्रेन्थ ऑफ मटेरियल्स' काही सुटेना. एकदा आजारपणानं पेपर बुडाला, आणि एकदा हट्टानं.

तो हट्ट समजायला ती गोष्ट थोडी सांगावी लागेल. लोखंडाची एखादी पट्टी आपण ओढतो किंवा पिळतो. तिच्या आत एका जागी एक एवढासा चौकोन कल्पायचा. त्या चौकोनाच्या बाजूंवर दोन तऱ्हेचे जोर येतात. एक सरळ ओढणारा किंवा दाबणारा, आणि दुसरा बाजूला घासत नेणारा, त्याला शिअर म्हणतात. आता तोच चौकोन जागच्या जागी थोडा तिरका करून बघायचा. पट्टी तीच, बाहेरचा जोर तोच, पण तिरक्या चौकोनावरचे आकडे वेगळे येतात. तिरकं करत करत एक कोन असा येतो की शिअर नाहीसाच होतो, उरते ती नुसती सरळ ओढ आणि सरळ दाब. पट्टी कुठून तुटेल ते ओळखायचं असेल, तर हे आधी शोधावं लागतं. हा सगळा हिशेब एका वर्तुळावर मांडता येतो. फक्त चौकोन जेवढा फिरवला, त्याच्या दुप्पट कोन वर्तुळावर घ्यायचा. पुस्तकात तसं दिलेलं होतं, सरांनी फळ्यावर ते सिद्धही करून दाखवलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलं. दादा मात्र अडून बसला.

"गणितानं दुप्पट येतं, ते मला कळलं विमे," तो गाडीच्या खिडकीत कोपर टेकून म्हणायचा. "पण लोखंडाला कसं कळतं दुप्पट व्हायचं?"

"दादा, लिहून टाक ना तसंच. मार्क मिळतात."

"न कळलेलं लिहू? मग मी आन् पुस्तक यात फरक काय राहिला?"

आणि खरंच, आदल्या परीक्षेत त्यानं तो प्रश्न तसाच कोरा सोडून दिला होता. त्या प्रश्नानंच तो नापास झाला. आबांनी विचारलं तेव्हा, "समजल्यावर लिहीन," एवढंच बोलला. मी पुढं हाच विषय वर्षानुवर्षं शिकवला. दर वर्षी एखादं पोरगं हात वर करून विचारायचंच, "मॅडम, दुप्पट का?" तो हात वर झाला की मला आधी खिडकीत टेकलेलं एक कोपर दिसायचं. मग मी बोलायला लागायचे.

त्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाला होते, म्हणून पेपर दोघांचा एकच आला. दादा म्हणाला, "बरं झालं. दोघं मिळून सोडवू." आणि परीक्षेच्या तोंडावर रेल्वेचा चौऱ्याहत्तर सालचा तो मोठा संप झाला. आबा संपावर होते. स्टेशनवर पोलीस बसले, शटल बंद पडली. एका सकाळी मी जागी झाले ती कानाला काहीतरी झालंय असं वाटून. शिट्टी नाही, वाफ नाही, फळीवरची भांडी मुकी. आई दारात उभी राहून यार्डाकडे बघत होती. म्हणाली, "गाव मेल्यावानी वाटतंय." आबांनी ठरवलं, दोघांना शिरूरला मामाकडे पाठवायचं. शिरूरहून पुण्याला एसटी चालू होत्या. आम्ही न्हावऱ्यावरून जाणारी गाडी धरली. दादाला बसायला जागा मिळाली, मी पुस्तकांच्या पिशवीवर बसले.

मामा शिरूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. सगळा दिवस कांद्याच्या आणि ज्वारीच्या राशींमध्ये काढून ते संध्याकाळी घरी यायचे, ते आवाज पुरता बसलेला असायचा. त्यांच्या घरात बोलायचं काम मामी करायची, आणि ती दोघांच्या वाटणीचं बोलायची. घराच्या एका अंगाला आमच्या वस्तीचा छोटा विहार होता, दुसऱ्या अंगानं घोड नदीकडं उतरणारी वाट. उन्हाळ्यात नदीला धार अशी नसायचीच, ठिकठिकाणी साचलेले डोह आणि मधून पसरलेली वाळू. मामी आम्हांला सकाळीच तिखटमिठाचं ताक प्यायला द्यायची आणि दादाला म्हणायची, "ईस दिसांत तुझं गाल वर आणते बघ." दादाचे गाल काही वर येत नव्हते. त्या उन्हाळ्यात त्याला दम जरा जास्तच लागत होता आणि संध्याकाळी पावलांवर सूज यायची. तो चादरीखाली पाय झाकून घ्यायचा. मी बघितलं की म्हणायचा, "उन्हाचं असतंय ते."

एके दिवशी मामीनं अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढली. मी तिच्याबरोबर नदीवर गेले. दादा पुस्तक घेऊन मागून सावकाश आला आणि बाभळीच्या सावलीला बसला. शेवटी उरली ती सोलापुरी चादर, मोठ्या चौकडीची, पाणी पिऊन जड झालेली. मी एक टोक धरलं, मामीनं समोरचं, आणि आम्ही ती पिळली. मग सरळ करायला म्हणून तिरकी धरली, एक कोपरा माझ्या हातात आणि समोरचा मामीच्या हातात, आणि झटका देऊन ताणली. दादानं मान वर केली.

"थांबा," तो म्हणाला. "तशीच धरून ठेवा."

"आरं, हात दुखत्यात."

"मामी, ओढा. सैल सोडू नका."

तो उठून आला. चादरीवरच्या चौकड्यांकडे बघत राहिला. आम्ही ओढलं की सगळे चौकोन कलंडून शंकरपाळ्यासारखे व्हायचे, सैल सोडलं की पुन्हा चौकोन. त्यानं माझ्या हातापासून मामीच्या हातापर्यंत हवेत बोटानं रेघ ओढली. "ह्या रेघेवर नुसती ओढ आहे. तिला आडवी गेलं की नुसतं आकसणं. कलंडणं कुठंच नाही. बघितलंस विमे? चौकडीच्या दोऱ्यांनी बघितलं तर कलंडणं दिसतंय, तुमच्या हातांनी बघितलं तर दिसत नाही. ओढ एकच आहे."

"ते तर आपण शिकलोच आहे," मी म्हणाले.

"थांब. आता जागा बदला."

"काय?"

"मामी, तुम्ही विमलच्या जागी जा. विमे, तू मामींच्या जागी. चादर हलवायची नाही, कोपरे जमिनीवर ठेवा आणि फिरून या."

मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "आगं बया, ह्याला ऊन लागलं का काय?" पण गेली. मीही गेले. दोघींनी पुन्हा कोपरे उचलून ओढले. चौकोन पुन्हा तसेच कलंडले. अगदी तसेच.

दादा हसायला लागला. त्याला हसतानाही दम लागायचा. तो वाळूत खाली बसला आणि बसून हसत राहिला. "अर्धीच फेरी झाली ना? दोघी अर्ध्याच फिरलात. आणि ओढ पुन्हा जशीच्या तशी आली. ओढीला ह्या बाजूनं काय आणि त्या बाजूनं काय, एकच. म्हणजे ती अर्ध्या फेरीत आपली पूर्ण फेरी संपवती. मग वर्तुळ पुरं व्हायला नको? म्हणून दुप्पट!" मग त्यानं आम्हांला उरलेले दोन कोपरे धरायला लावले. पाव फेरी. ज्या रेघेवर मघाशी ओढ होती, ती आता आकसली. "पाव फेरीत उलटं. वर्तुळावर समोरासमोरचा बिंदू. लोखंडाला काही कळावं लागत नाही गं, त्याची फेरीच अर्धी असती."

मामीनं चादर खांद्यावर टाकली. "झालं का तुझं? आता ही पुन्हा बुडवावी लागंल, समदी वाळू लागली." पण तीही हसत होती. त्या दिवशी तिनं आमच्यासाठी कोंबडी कापली. "पोराला कायतरी सापाडलंय," असं मामांना सांगितलं. मामांनी बसलेल्या आवाजात विचारलं, "काय सापाडलं?" तर म्हणाली, "ते मला काय ठावं. पर लई दिसाचं हरावलं व्हतं म्हणं."

पुढचे दिवस दादा नुसता सुटला होता. वाळूत काटकीनं वर्तुळं काढायचा, मला उलटसुलट गणितं घालायचा, मी चुकले की काटकी माझ्या हातात द्यायचा. त्याला मी इतका आनंदात कधीच पाहिला नव्हता. आता या वयात मला वाटतं, माणसाला आयुष्यात असे दहा-बारा दिवस मिळाले तरी तो नशीबवान. तेव्हा मात्र मला एवढंच वाटत होतं, की आता दोघंही पास होणार.

पेपरच्या दिवशी आम्ही पहिली एसटी धरली. रेल्वे बंद असल्यामुळं गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. शिक्रापूरपर्यंत दादा उभाच होता. मग एका म्हाताऱ्या आप्पांनी त्याच्या ओठांकडे बघितलं आणि स्वतः उठून त्याला बसवलं. मीही तेव्हाच बघितलं. ओठ निळसर दिसत होते. "दादा, परत जाऊ या का?" मी विचारलं. तो म्हणाला, "आज? आज तर मला जमतंय."

परीक्षेचा हॉल वरच्या मजल्यावर होता. जिन्यात तो प्रत्येक वळणावर थांबला आणि मी त्याची कंपासपेटी घेऊन एक पायरी खाली उभी राहिले. विषय मागं राहिलेल्या मुलांच्या रांगा खिडकीकडेला होत्या, तिथून तो मला सरळ दिसत होता. प्रश्नपत्रिका हातात आली. तो प्रश्न होता. दादानं माझ्याकडे वळून बघितलं नाही, पण त्यानं आधी कंपासच उचलला ते मी पाहिलं. मी तो प्रश्न शेवटी सोडवायचा ठरवून बाकीचं लिहायला घेतलं. बराच वेळ गेला. मग बाक सरकल्याचा आवाज झाला. दादा दोन्ही हात बाकावर टेकून पुढं झुकला होता आणि मासळीसारखं तोंड उघडून हवा घेत होता. पर्यवेक्षक धावले. मी उठले. कुणीतरी म्हणालं, "तुम्ही बसा, पेपर जाईल तुमचा." मी त्याच्यापर्यंत पोचले होते. त्यानं माझा हात बाजूला सारला. "तू... कशाला उठलीस? जा. लिही." मी गेले नाही. दोन मुलांनी त्याला खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि आम्ही रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेलो. माझी उत्तरपत्रिका बाकावर उघडीच राहिली. तो प्रश्न मी घेतलाच नव्हता.

निरोप एसटीनं शिरूरला गेला, मामांनी दौंडला माणूस धाडला. आई-आबा एका ट्रकमध्ये बसून आले. डॉक्टरांनी आबांना बाजूला नेऊन सांगितलं की फुप्फुसात पाणी भरतंय, हृदयाला ते उपसणं झेपत नाहीये, जमेल ते करतो आहोत. त्यांनी खरंच केलं. रात्रभर एक तरुण डॉक्टर त्याच्या उशाशी होता. दादाला आडवं पडता येत नव्हतं, पाठीमागं उशा रचून बसवून ठेवला होता. मीठ बंद केलेलं. आईनं कुणाच्या तरी घरी जाऊन अळणी भाकरी आणि अळणी वरण करून आणलं. एक घास खाऊन दादा म्हणाला, "आई, हे काय? कापूस भाजलास का?" आई पदर तोंडाला लावून हसली आणि तशीच बाहेर गेली.

दोन दिवसांनी त्याला जरा बरं वाटलं. मला जवळ बसवून घेतलं आणि पहिलं काय तर रागावला. "तू उठायला नको होतंस. तेवढा प्रश्न राहिला ना?"

"राहिला."

"येत होता?"

"येत होता."

"सांग बघू मग. दुप्पट का?"

मी सांगितलं. मामी, चादर, जागा बदलणं, सगळं. तो डोळे मिटून ऐकत होता. "आणि पाव फेरीत?" "उलटं." "समोरासमोर," त्यानं दुरुस्त केलं. मग म्हणाला, "बास. आता तुला कुणी नापास करू शकत नाही."

त्यानंतर तो फारसं बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आई तांब्या भरायला नळावर गेली होती, आबा खिडकीशी उभे होते, मी त्याच्या पायांना तेल लावत होते. पावलांची सूज उतरल्यासारखी मला वाटली, म्हणून मी सांगायला वर बघितलं. आबांना माझ्याआधी समजलं. ते आले, त्यांनी दादाच्या छातीवर हात ठेवला, इंजिनावर ठेवायचे तसा तळवा पसरून, आणि बराच वेळ तसाच ठेवला. आई तांब्या घेऊन दारात आली. आबांनी मान हलवली. आईच्या हातून तांब्या पडला नाही. तिनं तो नीट खाली ठेवला, झाकला, आणि मग ती ओरडली.

त्याला आम्ही दौंडला आणलं. संप अजून चालूच होता. सगळी लायन जमली होती, शेडमधली सगळी माणसं आली होती, कुणाला कामावर जायचं नव्हतं. भीमेच्या काठापर्यंत लोक चालत गेले आणि एवढ्या माणसांच्या नुसत्या पावलांचा आवाज येत होता. भन्तेंनी त्रिशरण म्हटलं, ते शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. एरवी दौंडमध्ये कुणाची माती अशी झाली नव्हती, मध्ये कुठलीतरी शिट्टी व्हायचीच. पुढं काही दिवसांनी संप मिटला. संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि पुण्याच्या बाजूनं शटलची शिट्टी झाली. आई भाकरी तशीच परातीत ठेवून उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. तीन वर्षांत सवय झाली होती. ती शिट्टी झाली की दोन भाकऱ्या जास्त टाकायच्या. आबांनी तिला आत आणलं. तव्यावरची भाकरी जळून गेली आणि त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

मी शिक्षण सोडलं नाही. सोडावंसं वाटलं होतं, पण आबांनी माझा रेल्वेचा पास नवा करून आणून माझ्या उशाशी ठेवला. हिवाळ्याच्या तोंडावर मी तो पेपर पुन्हा दिला. तोच हॉल, तोच जिना. मला दम लागत नव्हता, तरी मी प्रत्येक वळणावर थांबले. डिप्लोमा झाला, पुढं नोकरी करत डिग्रीही झाली, आणि मी शिकवायला लागले. मी पूल बांधले नाहीत. पूल बांधणारी बरीच मुलं-मुली माझ्या हाताखालून गेली. वर्गात मी दोन मुलांना उभं करून, एखादीची ओढणी तिरकी धरायला लावून, जागा बदलायला लावायचे. वर्ग हसायचा, आणि हसता हसता त्यांना कळायचं. हे कुणाकडून शिकले ते मात्र मी वर्गात कधी सांगू शकले नाही. आज लिहितेय ते म्हणूनच.

पण निकालाचा दिवस सांगायचा राहिला. तो त्या पावसाळ्यातच आला. मी एकटीच शटलनं गेले. निकाल फलकावर लावला होता आणि पुढं पोरांची झुंबड. मला कुणीतरी वाट करून दिली, सगळ्यांना माहीत होतं. मी आधी माझा नंबर शोधला. तो नव्हता, नसणारच होता. मग मी मागं राहिलेल्यांच्या नंबरांकडे गेले, खरं तर का गेले मला माहीत नाही. दादाचा नंबर तिथं होता. त्यानं उठायच्या आधी जेवढं लिहिलं होतं तेवढं पुरलं होतं. मी बोट ठेवून तीनदा वाचला. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि केडगाव आलं तरी मला ठरवता येईना, की घरी जाऊन काय सांगायचं आणि कसं.

आबा अंगणात हात धूत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आबा, माझा विषय राहिला."

"राहू दे," ते म्हणाले. "पुना दे."

"दादा पास झाला."

आबांच्या हातावरचा साबण तसाच राहिला. "कोन?"

"दादा. त्याच विषयात. तो सुटला, आबा."

आई दारात येऊन उभी होती, तिनं ऐकलं होतं. मला वाटलं आता ती रडेल, आणि मी तिला धरायला पुढं झाले. पण ती आत गेली. डबे वाजले. मोठी ताटली घेऊन बाहेर आली, ताटलीत साखर. पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, "चल गं. लायनीत द्यायला पायजे."

"आई..."

"पास झाला न्हवं? मग साखर नको वाटाय?"

आबा म्हणाले, "जा तिच्यासंगं."

पाऊस नुकताच उघडला होता. आई पुढं, मी मागं. ती प्रत्येक दारात उभी राहायची आणि सांगायची, "माजा मधू पास झाला. तिवढाच येक विषय राहिला व्हता." बायका दारात यायच्या, आईकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. त्या हात पुढं करायच्या, आई चिमूट ठेवायची, आणि त्या साखर मुठीत धरून तशाच उभ्या राहायच्या. आम्ही पुढच्या दाराकडे वळल्यावर मी मागं बघितलं तरी मूठ मिटलेलीच दिसायची. एकीनं दार लावून घेतलं आणि आतून हुंदका आला. आईनं तो ऐकला की नाही मला माहीत नाही. ती पुढच्या दारापाशी गेली होती.

अगदी कोपऱ्यावरच्या क्वार्टरमध्ये गार्डसाहेबांची बायको राहायची. मद्रासकडची, मराठी तिला येत नसे आणि आईला हिंदी येत नसे. सगळी वर्षं दोघींचं बोलणं नुसत्या हसण्यावरच चालायचं. आईनं तिलाही तेच सांगितलं. मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं, पण तिला 'मधू' आणि 'पास' हे दोन शब्द कळले होते. मग तिनं हात पुढं केला, साखर घेतली आणि आईच्या समोर, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, ती तोंडात टाकली. आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "बहुत अच्छा, मधू की माँ. बहुत होशियार है तुम्हारा लडका."

आईला 'होशियार' समजलं.

"व्हय," ती म्हणाली. "लई हुशार हाय."